ब्लेंडर, आठ जीबीचा लॅपटॉप आणि एक बैल

थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे. महिनाभराच्या ट्रायलची भानगड नाही. मी सांगलीच्या विश्रामबागेत राहते, बी.कॉम. करते आणि दादाच्या जुन्या, आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते वापरते. अडखळतं, पण चालतं.

'फुकट म्हणजे पोरांचा खेळ,' असं बाबांचं मत होतं. २०२५ साली ऑस्कर मिळालेला लॅटव्हियाचा 'फ्लो' ब्लेंडरवरच केलाय, हे सांगितल्यावर ते जरा नरमले. २००२ साली हे सॉफ्टवेअर बंद पडायच्या बेताला आलं, तेव्हा लोकांनी एक लाख युरो वर्गणी जमवून ते सोडवून घेतलं, हे मात्र त्यांना फार आवडलं. गल्लीतल्या गणपतीची वर्गणी त्यांच्याकडेच असते ना!

यूट्यूबवर जो तो नवख्यांना डोनट करायला लावतो. डोनट दिसतो छान, पण तो मुख्यतः मॉडेलिंग (वस्तूचा आकार घडवणं) आणि लाइटिंगचा धडा. ज्याला वस्तू हलवायच्यात त्यानं सरळ एक चेंडू घ्यावा आणि हालचालीचा आलेख दाखवणारा ग्राफ एडिटर उघडावा. दोन कीफ्रेम, म्हणजे वस्तू कुठल्या क्षणी कुठे असेल याच्या खुणा, दिल्या की मधल्या फ्रेम ब्लेंडर भरतं, पण सुरुवात आणि शेवट आपणहून मऊ करतं. त्यामुळे चेंडू जमिनीजवळ येऊन मंदावतो आणि पिसासारखा अलगद टेकतो. जमिनीवरच्या कीफ्रेमचे हँडल (आलेखाला वळण देणाऱ्या दांड्या) मोकळे करून तिथं आलेखाच्या रेषेला टोक काढलं, की चेंडू खरा आपटतो. चेंडू तोच, फ्रेमही तेवढ्याच, तरी एकदम वजन येतं. माझ्या मते सगळं अ‍ॅनिमेशन इथंच आहे.

मग मी बैल घेतला. हंगामात कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या गाड्या लागतात, तिथं मोबाईलवर शूटिंग केलं. चालताना बैल मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा अशा क्रमानं पाय टाकतो. वशिंड अंगाच्या मागून, किंचित उशिरा हलतं. ते विसरलात तर बैल प्लॅस्टिकचा वाटतो. सांगाड्यासाठी रिगिफाय हे अ‍ॅड-ऑन सोबतच येतं. त्यात घोडा तयार आहे, त्याचीच हाडं आखूड करून मी बैल केला.

आता तक्रारी. लॅपटॉपला नमपॅड (कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा चौकोन) नसेल तर व्ह्यू बदलताना जीव जातो. प्रेफरन्सेसमध्ये 'एम्युलेट नमपॅड' लगेच चालू करा. नव्या व्हर्जनमध्ये मेनू इकडचे तिकडे होतात, मग जुना व्हिडिओ बघून शिकणाऱ्यानं बटण शोधत बसायचं. आणि रेंडर, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं पक्कं चित्र काढणं! सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दहा सेकंदांच्या २४० होतात. सायकल्स या ब्लेंडरच्या संथ रेंडर इंजिनवर एका फ्रेमला दोन मिनिटं लागली तरी आठ तास गेले. तेवढ्यात आमच्याकडे लाईट जाणार नाही याची खात्री कोण देणार? म्हणून थेट व्हिडिओ काढू नका, पीएनजीच्या सुट्या फ्रेम काढा आणि 'ओव्हरराइट'ची खूण काढून टाका. लाईट आली की झालेल्या फ्रेम सोडून रेंडर पुढे सुरू होतं. घाई असेल तर ईव्ही (Eevee) हे ब्लेंडरचंच वेगवान रेंडर इंजिन वापरा, बैलाला तेवढं पुरतं.

पाचपैकी साडेचार तारे. टूडीसाठी यातच ग्रीस पेन्सिल आहे, पण तिला मी अजून हात लावलेला नाही, म्हणून तिचे तारे यात धरलेले नाहीत.