२१ दिवसांचा ‘लकवा कोर्स’: म्हाताऱ्या कुत्र्यामांजरांच्या आजारपणावर चालणारी फसवणूक

बारा-तेरा वर्षांचा कुत्रा रात्री झोपेतून उठतो आणि त्याला उभंच राहता येत नाही. मान एका बाजूला कललेली, पाय फाकलेले, दोन पावलं टाकली की त्याच बाजूला कोलमडतो. उलटी होते, लाळ गळते. जवळ जाऊन पाहिलं तर दोन्ही बुबुळं एका लयीत सरकताना दिसतात, एका दिशेला सावकाश आणि परत झटक्याने. ‘लकवा मारला’ असं कुणाच्या तरी तोंडून निघतंच. मग फोनवर शोधाशोध सुरू होते, आणि ठगांनी आपलं दुकान नेमकं तिथेच मांडलेलं असतं.

नंबर मिळतो तो ‘चोवीस तास पशुवैद्य’ अशा जाहिरातीतून, किंवा नकाशावर खऱ्या दवाखान्याच्या नावाखाली कुणीतरी बदलून टाकलेला असतो, किंवा प्राणिप्रेमींच्या एखाद्या ग्रुपवर कुणीतरी कळवळून दिलेला असतो. पलीकडचा माणूस लक्षणांच्याही आधी वय विचारतो. वय दहाच्या वर आहे म्हटलं की त्याचं पाठ केलेलं भाषण सुरू होतं: “ताई, हा ब्रेन स्ट्रोक आहे. दवाखान्यात नेलंत तर दोन सलाइन लावतील आणि शेवटी कायमचं झोपवायला सांगतील. आपला २१ दिवसांचा कोर्स आहे. आज रात्री बुक केलात तर उभा राहील, उद्याचं मी सांगू शकत नाही.” व्हिडिओ मागवतो, पाच मिनिटांत लेटरहेडवर ‘निदान’ पाठवतो. पैसे आधी आणि पूर्ण. सोबत ‘गुण न आल्यास पैसे परत’ अशी हमी, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात अट: कोर्स पूर्ण झाला पाहिजे आणि मध्ये दुसरं कुठलंही औषध दिलेलं नसलं पाहिजे.

२१ हा आकडा हवेतून आलेला नाही. म्हाताऱ्या कुत्र्यात अशी अचानक मान कलण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे व्हेस्टिब्युलर आजार. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा किंवा तिची मेंदूकडे जाणारी नस बिघडते, आणि प्राण्याला सगळं गरगर फिरताना जाणवतं. बऱ्याच म्हाताऱ्या कुत्र्यांत तपासूनही कारण सापडत नाही. हा प्रकार दिसायला भयंकर, पण पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. साधारण ७२ तासांत डोळ्यांची हालचाल मंदावते, उलट्या थांबतात, प्राणी भिंतीच्या आधाराने चालू लागतो. दोन ते तीन आठवड्यांत बहुतेक कुत्रे जवळजवळ पूर्ववत होतात. काहींची मान थोडी कललेलीच राहते, पण त्यांचं काही अडत नाही. या प्रकारावर खास असं औषध नाही. मळमळ थांबवणारं मॅरोपिटंटसारखं औषध, गरज पडली तर सलाइन, आणि नीट शुश्रूषा, एवढंच करायचं असतं.

आता कोर्सचं वेळापत्रक आजाराच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. पार्सल पोचायला दोन-तीन दिवस, म्हणजे पहिली पुडी तोंडात जाते तेव्हा उतार सुरू झालेला असतो. तिसऱ्या आठवड्यात कुत्रा दारापर्यंत धावत जातो. मान कललेली राहिलीच तर ‘दुसरा कोर्स’ तयार असतो. आजार खरोखरचा स्ट्रोक असला तरी ठगाचं फारसं बिघडत नाही, कारण स्ट्रोक झालेले बरेच कुत्रेही काही आठवड्यांत आपोआप सुधारतात. म्हणून या औषधांखालचे अभिप्राय खोटे असतीलच असं नाही. लिहिणारी माणसं प्रामाणिक असतात, त्यांचा कुत्रा खरंच बरा झालेला असतो. श्रेय तेवढं भलत्याच्या खात्यावर जमा होतं. बनावट अभिप्राय ओळखता येतात, पण असे प्रामाणिक आणि तरीही चुकीचे अभिप्राय ओळखणं अवघड आहे.

इथवर फक्त पैसे गेले असं म्हणता येईल. जीव जातो तो दिसायला असाच पण वेगळा आजार असेल तेव्हा.

सर्वांत फसवी गोष्ट प्लीहेच्या गाठीची. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या जातींच्या उतारवयातल्या कुत्र्यांत प्लीहेवर गाठ वाढते आणि एक दिवस ती फुटून पोटात रक्तस्राव होतो. कुत्रा धाडकन पडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. रक्तस्राव थोडा असेल तर तो आपोआप थांबतो, पोटातलं रक्त शरीर पुन्हा शोषून घेतं, आणि एखाद्या दिवसात कुत्रा शेपूट हलवत जेवायला येतो. तोवर ठगाने पाठवलेले थेंब दिलेले असतील तर श्रेय थेंबांना. गाठ मात्र तिथेच असते आणि पुढचा रक्तस्राव थांबेल याचा भरवसा नसतो. सोनोग्राफी करून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायला या दोन प्रसंगांमधलाच काय तो अवधी मिळतो, आणि कोर्स नेमका तोच खातो.

मांजराचे मागचे दोन्ही पाय अचानक लुळे पडले तर त्यालाही लकवा म्हणून तेल विकलं जातं. मांजरात असं होण्याचं एक महत्त्वाचं कारण हृदयाचं दुखणं असतं: हृदयात झालेली रक्ताची गुठळी सुटते आणि मागच्या पायांकडे जाणाऱ्या धमनीत अडकते. पाय गार लागतात, तळवे फिके किंवा निळसर दिसतात, मांजर वेदनेने ओरडतं. इथे वेदना शमवणं आणि हृदय तपासणं तातडीचं असतं, मालिश नव्हे. शिवाय दुखण्यावरच्या बऱ्याच तेला-मलमांत मिथाइल सॅलिसिलेट असतं. मांजर ते चाटून पोटात घेतं, आणि त्याच्या यकृताला असले पदार्थ लवकर निकामी करता येत नाहीत. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसतो, कण्हतो आणि लघवीचा थेंब पडत नाही, त्याला ‘बद्धकोष्ठाची पुडी’ देणारेही आहेत. ती अडलेली लघवी असते. रक्तातलं पोटॅशियम चढून हृदय थांबू शकतं, त्यामुळे तिथे दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात.

मूत्रपिंडाच्या औषधांचा धंदा थोडा वेगळा चालतो. तिथे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे रिपोर्ट दाखवले जातात आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) खाली आलेलं असतं. रिपोर्ट खरे असूनही निष्कर्ष खोटा असू शकतो. पहिला नमुना प्राण्याच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असताना घेतला असेल, तर नुसत्या सलाइननेही आकडा उतरतो. दुसरं कारण जास्त वाईट. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. म्हातारं मांजर जसजसं वाळत जातं तसतसं ते कमी तयार होतं. मूत्रपिंड आणखी खराब होत असतानाही कागदावर सुधारणा दिसू शकते. म्हणून रिपोर्टसोबत वजन, लघवीची विशिष्ट घनता, लघवीतलं प्रथिन, रक्तदाब आणि जमल्यास एसडीएमए, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला दुसरा आकडा, जो स्नायूंवर अवलंबून नसतो, हे एकत्र पाहावं लागतं. एकट्या क्रिएटिनिनचा फोटो पाठवून औषध विकणाऱ्याला हे माहीत तरी नसतं किंवा चांगलंच माहीत असतं.

पुडीत असतं काय? पुष्कळदा नुसतं भुसकट. पण दोन-तीन दिवसांत चमत्कार दिसला, लंगडणारा कुत्रा उड्या मारायला लागला, तर स्टेरॉइडचा संशय घ्यावा. खूण साधी आहे. कुत्रा अचानक भांडंभर पाणी पितो, रात्री घरात लघवी करतो, अधाशासारखा खातो, बसल्या जागी धापा टाकतो. रक्त तपासलं तर अल्कलाइन फॉस्फेटेज हे यकृताच्या तपासणीतलं एन्झाइम बहुधा वाढलेलं सापडतं. मधुमेही प्राण्याची साखर भडकते. त्यात आधीपासून मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामक गोळी चालू असेल, तर दोन्ही मिळून जठरात व्रण पडू शकतो, तो फुटूही शकतो. आणि संशय आला म्हणून पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं: दोन-तीन आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि अचानक तोडलं तर प्राणी गळून जातो, उलट्या करतो, कोसळतो. म्हणून रागाच्या भरात पाकीट फेकू नका. कितीदा आणि किती दिवस दिलं हे लिहून, पाकिटासकट डॉक्टरांकडे जा. पाकिटावर समोर ‘१०० टक्के नैसर्गिक’ आणि मागे घटक, बॅच नंबर, उत्पादकाचा पत्ता यांच्या जागी कोरा कागद, ही तर ओळखीची गोष्ट आहे.

फोनवरचा माणूस खरा डॉक्टर आहे की नाही, हे पाहायला लायसन्सचा फोटो मागून उपयोग नाही. फोटो लगेच येतो, आणि बऱ्याचदा तो कुठल्या तरी खऱ्या पशुवैद्याचा चोरलेला असतो. नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा, नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत शोधा (त्याने पाठवलेल्या लिंकवर नको), आणि त्या यादीतून किंवा जुन्या प्रिस्क्रिप्शनवरून दवाखान्याचा नंबर काढून तिथे फोन लावा. याहून सोपी परीक्षा त्याच्या प्रश्नांची. जाणता माणूस वयावर थांबत नाही. बुबुळं आडवी हलतात की उभी, पंजा उलटा ठेवला तर कुत्रा तो लगेच सरळ करतो का, कानाला वास किंवा स्राव आहे का, शुद्ध नीट आहे का, हे विचारतो. बुबुळं वर-खाली हलत असतील, पंजा उलटाच राहत असेल किंवा प्राणी गुंगीत असेल तर दोष मेंदूत असण्याची शक्यता वाढते. चालू औषधंही तो विचारणारच. जुलाबासाठी दिलेलं मेट्रोनिडाझोल जास्त झालं तरी मान कलते, तोल जातो. कानाचा पडदा फाटलेला असताना घातलेले काही थेंबही हेच करतात. आणि एवढं सगळं विचारूनही ‘प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही’ असं म्हणतो. घाबरलेल्या माणसाला हे वाक्य निरुपयोगी वाटतं आणि ‘स्ट्रोकच आहे’ म्हणणारा हुशार वाटतो. धंदा या फरकावरच चालतो.

त्या रात्री फोनच्या आधी हातांना काम द्या. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. झोपेत किंवा शांत पडलेला असताना श्वास मोजा. मिनिटाला ३० च्या वर सतत राहिला तर वाट पाहू नका. पांढऱ्या हिरड्या, फुगलेलं पोट आणि कोरड्या ओकाऱ्या, गार पडलेले मागचे पाय, अडलेली लघवी, पाच मिनिटांहून लांबलेली किंवा एका दिवसात पुन्हा आलेली फिट, यांपैकी काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठा. डोळ्यांचा जवळून अर्धा मिनिट व्हिडिओ काढून ठेवा, कारण पोचेपर्यंत हालचाल कमी झालेली असू शकते. तोंडात काहीही ओतू नका. गरगरणाऱ्या किंवा फिट आलेल्या प्राण्याच्या तोंडात ओतलेलं पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. माणसांची पॅरासिटामॉल मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरू शकते, आयबुप्रोफेन कुत्र्या-मांजराला दोघांनाही घातक. जमिनीवर न घसरणारं जाजम, जिन्याला आडोसा, रात्री मंद दिवा, पोटाखालून टॉवेलचा झोळ घेऊन लघवीला नेणं, पडूनच असेल तर दर काही तासांनी कूस बदलणं, एवढं घरी होतं.

पैसे गेलेच असतील तर पहिला फोन बँकेला. लवकर कळवलं तर समोरचं खातं गोठवण्याची शक्यता असते. ‘अपॉइंटमेंटसाठी’ म्हणून एखादं ॲप टाकायला लावलं असेल तर फोनचं नेट बंद करा, ॲप काढा आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. स्क्रीन पाहू देणारं ॲप असेल तर कोर्सच्या पैशांवर ते थांबत नाही. चॅट, नंबर, व्यवहाराचा क्रमांक आणि पार्सलवरचा पत्ता जपून ठेवा, आणि पोलिसांच्या सायबर विभागासोबत औषध नियंत्रण खात्याकडेही लेखी कळवा, कारण ते पाकीट हे बेकायदा औषध असू शकतं. काही दिवसांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन येतो. त्याला प्राण्याचं नाव आणि आजारही ठाऊक असतो; ही माहिती त्याच्याकडे आली कुठून, हे त्याला विचारत बसू नका, नंबर लिहून घ्या आणि तक्रारीत जोडा.