ईआरपीनेक्स्ट: चपलांच्या दुकानात तीन वर्षं वापरल्यावर

कोल्हापुरात आमचं सासऱ्यांच्या वेळचं चपलांचं दुकान आहे. निम्मा माल आता वेबसाईटवरून जातो. बिलिंगचं सॉफ्टवेअर घेताना काय बघायचं, ते मला चपलेवरच्या जीएसटीनं शिकवलं. २०१७ ला ५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के. २०१८ ला ती मर्यादा १,००० झाली. १ जानेवारी २०२२ पासून त्याच जोडाला १२. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० पर्यंत ५, त्यावर १८.

आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये (नाव घेत नाही, करून देणारा ओळखीतला) ते ५ टक्के थेट प्रोग्राममध्येच लिहिलेले. २०२२ च्या जानेवारीत तो आठ दिवस फोन उचलेना आणि आम्ही हातानं बिलं फाडत बसलो. मग ईआरपीनेक्स्ट हे बिलं, माल आणि हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर घेतलं.

यात मालाच्या गटाखाली कराचा तक्ता असतो: कोणत्या तारखेपासून, किती भावापासून किती भावापर्यंत, कोणता कर. २०२५ च्या बदलाचा जीएसटी कौन्सिलचा निर्णय ३ सप्टेंबरला आला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घरी बसून मी दोन ओळी भरल्या, २२ तारीख टाकली आणि विसरून गेले. घटस्थापनेला दुकान उघडलं तर बिलं नव्या दरानं. जुन्या ओळी मात्र पुसू नका, मागच्या तारखेचं बिल करायचं झालं तर त्याच लागतात. वेबसाईटवर आम्ही कर ठेवलेलाच नाही. ती नंबर, रंग, नग कळवते, कर इकडे ठरतो.

खरी परीक्षा परताव्याला. १५ तारखेला एका बाईंनी १,२०० चा जोड नेलेला, तेव्हाचे १८ टक्के धरून १,४१६ ला. नवरात्रात परत आल्या, "नंबर लहान होतोय." मूळ बिलावरूनच परतावा काढला की त्यावर १८ टक्केच येतात. नवं बिल ५ टक्क्यांनी, १,२६० चं. मोठा नंबर दिला आणि वर १५६ रुपये हातात ठेवले, तर म्हणाल्या, "अहो, चुकून जास्त दिले की काय?" सेलमध्येही तसंच. २,७०० च्या जोडाला १० टक्के सूट दिली की भाव २,४३० होतो आणि कर आपोआप १८ चा ५.

सॉफ्टवेअर ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), फुकट. सर्व्हरचं भाडं आणि बसवून देणाऱ्याची फी मात्र लागते. ती फी वाचवायला गेले आणि ६ ते १० नंबर, तीन रंग अशा एकेका डिझाइनच्या पंधरा वस्तू वेगवेगळ्या भरत बसले. व्हेरिएंटची, म्हणजे एकाच डिझाइनखाली सगळे नंबर आणि रंग ठेवायची सोय आहे हे नंतर कळलं. दिवाळीआधीचे दोन आठवडे त्यात गेले, चूक माझीच.

एकच काउंटर आणि एकाच दराचा माल असेल तर या व्यापात पडू नका. आमच्या काउंटरवरचा पोरगा अजून कच्चा हिशोब वहीतच लिहितो. संध्याकाळी तो ताळा करतो आणि मी काही बोलत नाही.