‘इंजिन कव्हर’च्या कार्डाचे ७,५०० गेले, वर ५३,८७० चं बिल

माझ्या गाडीच्या विमा पॉलिसीवर हप्ता छापलाय १४,२१२ रुपये. माझ्याकडून घेतले २१,७१२. मधले ७,५०० कुठे गेले, हे त्याच दिवशी विचारायला हवं होतं. पीडीएफ मोबाइलवर आली, गाडीचा नंबर आणि आयडीव्ही (गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत) बघितला आणि बंद केली. एवढी एक वजाबाकी केली असती तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. लाज वाटते ती याचीच.

जुन्या पॉलिसीची मुदत संपायला दोन दिवस होते. पॉलिसी खंडित झाली की गाडीचं इन्स्पेक्शन आलं, ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही, जातो. त्या घाईत पॉलिसी काढून देणारा माणूस ठासून सांगतोय, “सर, इंजिन-गिअरबॉक्स सगळं इन्शुरन्समध्ये बसतं, फक्त हे कार्ड घ्या.” पैसे गेले त्याच्या खासगी यूपीआयवर. कार्डावर ना विमा कंपनीचं नाव, ना यूआयएन, म्हणजे विमा उत्पादनाचा ओळख क्रमांक. खरा अ‍ॅड-ऑन (जादा हप्ता भरून घेतलेलं जादा संरक्षण) पॉलिसीच्या शेड्यूलवर नावानिशी लिहिलेला असतो, त्याला स्वतःचा यूआयएन असतो. तो दिसला नाही तर पैसे देऊ नका.

पुढे टायमिंग बेल्ट तुटला. पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले, व्हॉल्व्ह वाकले, इंजिनाचं हेड उतरवावं लागलं. व्हॉल्व्ह, सील, हेड गॅस्केट, बेल्ट किट, वॉटर पंप मिळून ३१,२२०, हेडचं मशीनिंग ६,८००, मजुरी १२,०००, ऑइल-कूलंट ३,८५०. टोइंगचे तेवढे वाचले, कारण रोडसाइड असिस्टन्स पॉलिसीत खरोखर होता.

क्लेम एका ओळीत नाकारला: मेकॅनिकल ब्रेकडाउन. पॉलिसीत ते लिहिलेलंच आहे. झीज, घसारा, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड यांना पैसे नाहीत. अपघात, आग, चोरी, पूर, दंगल यांना आहेत. कार्ड विकणाऱ्याला हे पाठ असणार, म्हणून तर चीड येते.

‘इंजिन प्रोटेक्ट’ हा खरा अ‍ॅड-ऑन खरेदी केला तरी तुटलेला बेल्ट त्यात येत नाही. ते मुख्यतः इंजिनात पाणी शिरणं आणि खालून मार लागून ऑइल गळणं यासाठी असतं. दगडावर आपटून ऑइल संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) फुटला तर संपचे पैसे साध्या पॉलिसीतही मिळतात. ऑइलचा लाल दिवा लागल्यावर गाडी तशीच दामटली आणि इंजिन सीझ झालं, तर ते तुमच्या अंगावर. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका. झिरो डेप (झिरो डेप्रिसिएशन) या अ‍ॅड-ऑनचाही बिघाडाशी संबंध नाही, तो फक्त मंजूर क्लेममधला घसारा वाचवतो. रबर-प्लास्टिकवर एरवी ५० टक्के कापतात.

गॅरेजमधून सल्ला आला, बंपर ठोकून अपघात दाखवू. चुकूनही करू नका. बाहेरचा मार आणि आतला तुटलेला बेल्ट यांचा मेळ सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याला, लागत नाही, आणि खोटा क्लेम हा गुन्हा आहे.

मग दारं ठोठावली. विमा कंपनी म्हणते, कार्ड आमचं नाही. पोलीस ठाण्यात ऐकवलं, ही दिवाणी बाब आहे, अर्ज ठेवून जा. पोच मागितली तर साहेब नाहीत. चार खेपा झाल्या. विमा लोकपालाकडे तक्रार फुकट होते, पण तिथे विमाच लागतो आणि हे कार्ड विमा नाही! म्हणजे ज्याने विमा म्हणून विकलं तो मोकळा, आणि ज्याचे पैसे गेले त्याने कार्ड विमा नव्हतं हे ऐकून घ्यायचं. कोणत्याही खिडकीवर एकाही माणसाने त्या कार्ड विकणाऱ्याला फोन लावला नाही.

उरला ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. यूपीआयची पावती, कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, क्लेम नाकारल्याचं पत्र आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषण लागतं. ‘सगळं बसतं’ हे त्याने मला तोंडी सांगितलं होतं; व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त रक्कम आणि यूपीआय आयडी आहे. तुम्ही हप्ता भरण्याआधी तेच वाक्य विकणाऱ्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्या.