नागावचा बंगला आणि आमचे गेलेले 33,801 रुपये

आकडा आधीच सांगून टाकते, कारण नातेवाइकांत तो वाढत वाढत पन्नास हजारांवर गेलाय. त्याला "एवढी शिकलेली माणसं फसतात कशी" हे शेपूटही लागलंय. शिकलेलीच फसतात हो, घरबसल्या बुकिंग तीच करतात.

26 जानेवारी सोमवारी आली, म्हणून शनिवार-रविवार धरून सलग तीन दिवस मोकळे मिळाले. डोंबिवलीकरांना जवळ म्हणजे अलिबाग, आणि अलिबाग गावात पाय ठेवायला जागा नसते म्हणून नागाव. आम्ही चौघं, सासू-सासरे आणि नणंदेकडचे तिघं. सासूबाईंना जिना चढवत नाही, मुलांना स्विमिंग पूलच हवा, म्हणून हॉटेलऐवजी अख्खा बंगला घ्यायचं ठरलं. ऑनलाइन एका बंगल्याचं पान सापडलं, आणि ते ठगांचं निघालं. फोटो खऱ्या बंगल्याचे, तेही दुसऱ्या कुणाच्या पानावरून उचललेले, नकाशावरची जागा खरी, फक्त फोन नंबर यांचा. भाडं रात्रीला 11,000, दोन रात्रींचे 22,000. फार स्वस्त असतं तर संशय आला असता. लाँग वीकेंडला नागावात पूलवाल्या बंगल्याचा हा पटण्यासारखा दर आहे, आणि त्यांनी तो नीट विचार करून लावलाय.

माणूस बोलायला इतका घरगुती! "ताई, आजींना खालचीच खोली ठेवतो, कमोड आहे, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवलीय." मी काही विचारायच्या आत हे सांगितलं. मग रायगडात मडक्यात शेंगा भाजून करतात त्या पोपटीचं काढलं, "थंडी आहे, रात्री पोपटी लावायची का? वालाच्या शेंगा आल्यात, भांबुर्डीचा पाला मी आणून ठेवतो. तुमच्यात कोणी शाकाहारी असेल तर मडकं वेगळं लावू." पोपटीला भांबुर्डीचा पाला लागतो हे ज्याला माहीत आहे तो रायगडातलाच असणार, असं मलाच काय, कोणालाही वाटलं असतं. सासरे पेणचे, त्यांनी स्वतः त्याच्याशी शेंगांवर दहा मिनिटं गप्पा मारल्या. आता तेच म्हणतात, "मला तर आवाजावरूनच शंका आली होती."

तर पैसे असे गेले. आधी निम्मं भाडं, 11,000. मग डिपॉझिट 5,000, निघताना परत मिळणारं. लगेच फोन आला, "ताई, सिस्टीमला 5,001 लागतात, त्याशिवाय पावती निघत नाही. तुम्ही 5,001 पाठवा, आधीचे 5,000 आपोआप परत येतील." पाठवले. परतावा मागण्यासाठी कोणी आधी पैसे भरायला सांगितलं, मग ते एक रुपया असो की एक लाख, तर फोन तिथेच ठेवा. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. पोपटीचे आगाऊ 1,800. शुक्रवारी संध्याकाळी, बॅगा भरून झालेल्या असताना, उरलेले 11,000. "दुसरी पार्टी पूर्ण पैसे घेऊन उभी आहे, मी तुमच्यासाठी थांबवून ठेवलंय."

आता तो क्षण, ज्याने माझी झोप उडवली आहे. पहिल्याच वेळी पिन टाकण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं. बंगल्याच्या मालकाचं आडनाव वेगळं आणि स्क्रीनवर कुठल्यातरी मोबाइल कव्हरच्या दुकानाचं नाव. मला ते दिसलं. मी वाचलं. थांबून त्याला फोनही केला. तो हसला, "भाच्याचं दुकान आहे ताई, बंगल्याचं खातं सीएकडे अडकलंय, जीएसटीचं चाललंय." आपल्याकडे निम्मे धंदे भाच्याच्या आणि बायकोच्या खात्यावरच चालतात की नाही? गेल्या वर्षी मुरुडला आम्ही होमस्टेच्या मालकिणीच्या जावयाच्या नंबरवर पैसे दिले होते आणि उत्तम राहून आलो. त्यामुळे मी न बघता पैसे पाठवले असं कोणी म्हणू नये. बघितलं, विचारलं, आणि उत्तर पटण्यासारखं होतं. तरी सांगते, पिनआधी स्क्रीनवर येणारं ते नाव बँकेत नोंदलेलं असतं, ते बोलणाऱ्याच्या गोड बोलण्याने बदलत नाही. नाव जुळत नसेल तर पैसे बंगल्याच्या दारात द्या, नाहीतर देऊ नका.

शनिवारी वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तोपर्यंत तो फोन उचलत होता. पोयनाडनंतर स्विच्ड ऑफ. नागावात त्या गेटवर पोहोचलो तर आत पूलमध्ये दुसऱ्याच कुटुंबाची पोरं उड्या मारतायत. केअरटेकर दादांनी माझ्या मोबाइलमधली पावती बघितली आणि शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही पहिल्या नाही." बंगल्याच्या मालकाने म्हणे गेटवर पाटी लावली होती, खऱ्या नंबरची. गेटवरची पाटी डोंबिवलीतून कशी दिसणार? त्यापेक्षा बुकिंगच्या वेळी व्हिडिओ कॉल मागा, आणि तो रेकॉर्डेड नको, तुम्ही सांगाल ते उघडून दाखवायला सांगा: फ्रिज उघडा, गेटबाहेरचा रस्ता दाखवा. "रेंज नाही" म्हणाला तर दुसरीकडे बघा. अक्षीला कशाबशा दोन खोल्या मिळाल्या, एका रात्रीचे 9,000, वरच्या मजल्यावर. सासूबाईंना खुर्चीत बसवून वर नेलं.

आणि मग सरकारी पाहुणचार. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, तक्रार नोंदली, पोचक्रमांक आला, तेवढं झालं. (फोन करताना प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी नंबर हाताशी ठेवा, अॅपमध्ये शोधत बसलात की घाम फुटतो.) तिथल्या पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे, "पैसे तुम्ही डोंबिवलीतून पाठवले ना? मग गुन्हा तिकडचा." घरी आल्यावर इकडच्या ठाण्यात गेलो तर, "मॅडम, बंगला कुठे आहे? नागावला. मग तिकडे जा." मी हद्दीचं काढलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यायची असं स्पष्ट लिहिलंय. त्यावर साहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" नाही, मी ती बाई आहे जिचे पैसे गेलेत! शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला आणि वर ज्ञान दिलं, "ऑनलाइन कशाला करता? आमच्यासारखं जाऊन बघायचं." दोन तासांचा रस्ता आणि वडखळचा जाम, दर बंगल्यामागे जाऊन बघायचं!

बँकेचं वेगळंच. 24 तारीख चौथा शनिवार, मग रविवार, मग प्रजासत्ताक दिन, शाखा तिन्ही दिवस बंद. या ठगांना कॅलेंडर आपल्यापेक्षा चांगलं कळतं. हेल्पलाइनवरची मुलगी एकच वाक्य बोलत होती, "पिन तुम्ही स्वतः टाकला आहे." हो बाई, मीच टाकला, पण ज्या खात्यात गेले त्याची केवायसी कोणी केली? तुमच्याच धंद्यातल्या कोणीतरी ना? मोबाइल कव्हरच्या दुकानात एका आठवड्यात किती बंगल्यांचं भाडं जमा होतं हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आमच्या चुकीच्या ओटीपीवर मात्र खातं लगेच लॉक! आता कळलंय की पैसे तिथून पुढे ज्या खात्यांत गेले त्यांतल्या एकात आमचे 2,140 रुपये गोठवलेले आहेत. ते सोडवायचे कसे, यावर बँकेचं एक उत्तर, ठाण्यातल्या साहेबांचं दुसरं, आणि सायबर सेलमध्ये फोन उचलतच नाहीत.

नकाशावरचा फोन नंबर म्हणजे मालकाचाच असं धरून चालू नका. पंचतारांकित रिव्ह्यू वाचताना तारखा बघा, आमच्या वेळचे सगळे एकाच आठवड्यातले होते. नागाव, अक्षी, काशीद, कुठेही जात असाल तर तिथे खरोखर राहून आलेल्या माणसाकडून नंबर घ्या, किंवा एमटीडीसीचं, म्हणजे सरकारी पर्यटन महामंडळाचं, निवास जिथे असेल तिथे त्यांच्या स्वतःच्या साइटवरून करा. खोल्या जुन्या असतील, पण दार उघडायला माणूस असतो.

ते पान अजून चालू आहे. नाव बदललंय, दर 9,500 केलाय आणि खाली मोठ्या अक्षरांत "गुड फ्रायडे लाँग वीकेंड, फक्त दोन तारखा शिल्लक" असं लिहिलंय. मी तक्रारीचं बटण दाबलं, उत्तर आलं की नियमांचा भंग आढळला नाही. फोटोत पूलच्या कडेला दोन पिवळ्या छत्र्या आहेत, डावीकडची एका बाजूने फाटलेली. त्या छत्र्या कोणाच्या बुकिंगमध्ये दिसल्या तर पैसे पाठवू नका.