ई-एससीआर: कोर्टाच्या बातम्या वाचणाऱ्यांसाठी

वकिलाला बातम्यांचा नाद लागतो तो अशिलांमुळे. कोर्टात पुकारा व्हायच्या आत फोनवर कुणीतरी एखादं कात्रण पाठवलेलं असतं आणि खाली ठरलेला प्रश्न असतो: "मॅडम, हे आपल्या केसला लागू होतं का?" हा आठवडा मी पैसे भरून घेतलेलं बातम्यांचं एक ॲप आणि सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर शेजारी शेजारी ठेवून वाचत होते. ॲपचं नाव घेत नाही, सगळी एकाच माळेचे मणी. अभिप्राय ई-एससीआरचा आहे.

एससीआर म्हणजे सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स, न्यायालयाचा स्वतःचा अधिकृत निकालसंग्रह, १९५० पासूनचा. जानेवारी २०२३ मध्ये तो ऑनलाइन सगळ्यांना मोफत खुला झाला. वकील असण्याची अट नाही. पक्षकाराचं किंवा न्यायमूर्तींचं नाव टाका, कॅप्चा भरा, निकाल समोर.

आता कामाचं. अनुसूचित जातींना क्रिमी लेअर लावायचा का, ही चर्चा याही आठवड्यात वाचनात आली आणि जो तो "सुप्रीम कोर्टानं सांगितलंय" म्हणून मोकळा होतो. मी २०२४ आयएनएससी ५६२ (हा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा अधिकृत संदर्भ क्रमांक) उघडलं: पंजाब राज्य विरुद्ध दविंदर सिंग, १ ऑगस्ट २०२४, सात न्यायमूर्ती. अलीकडच्या अहवालांत अगदी वर 'विचारार्थ मुद्दा' अशी चौकट असते. तीच आधी वाचावी. इथे प्रश्न होता अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करता येतं का. सहा विरुद्ध एक अशा मतांनी उत्तर आलं की येतं, आणि असं करता येत नाही म्हणणारा २००४ चा चिन्नय्या निकाल मोडीत निघाला. न्या. बेला त्रिवेदी यांचं मत विरोधात गेलं. क्रिमी लेअरचा प्रश्न पीठापुढे नव्हताच. तो न्या. गवई यांनी आपल्या निकालपत्रात मांडला आणि आणखी तिघांनी उचलून धरला.

सातपैकी चार म्हणजे बहुमतच की, असं कुणालाही वाटेल. पण न विचारलेल्या प्रश्नावर न्यायमूर्तींनी दिलेलं मत वजनदार असतं, बंधनकारक नसतं. माझ्यासमोरचा वकील यावर वेगळा युक्तिवाद करील आणि त्याला तो करता येईल, एवढी जागा निकालात आहे. ॲपवरच्या चार ओळींत ती कुठून दिसणार! सहा स्वतंत्र निकालपत्रं वाचायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि त्यात एका तारखेची तयारी अर्धवट राहिली, तो भाग वेगळा.

दुसरं कात्रण एका चाळमालकाचं. "सरकार आता खासगी जागा घेऊ शकत नाही ना?" म्हणून. हा ५ नोव्हेंबर २०२४ चा निकाल, प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, म्हणजे आपल्या घरचंच प्रकरण. मुंबईतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारती, म्हाडा कायद्यात १९८६ साली घातलेलं आठ-अ प्रकरण, ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली की इमारत संपादित करून त्यांच्या सोसायटीला देण्याची तरतूद, आणि मालकाला मोबदला मासिक भाड्याच्या शंभर पट. जुन्या पागडीच्या भाड्याला शंभरानं गुणून पाहा, म्हणजे मालक १९९२ सालीच सर्वोच्च न्यायालयात का गेले ते कळेल. २००२ मध्ये मुद्दा नऊ जणांच्या पीठाकडे गेला आणि बावीस वर्षांनी उत्तर आलं.

उत्तर असं: प्रत्येक खासगी मालमत्ता राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ख) मधल्या 'समाजाच्या भौतिक साधनसंपत्ती'त मोडत नाही, काही मोडू शकतात. कोणती, ते त्या मालमत्तेचं स्वरूप, समाजावर होणारा परिणाम, तिचा तुटवडा आणि ती मोजक्या हातांत एकवटल्याचे परिणाम बघून ठरायचं. म्हाडा कायद्यातलं ते आठ-अ प्रकरण वैध की नाही, याचा फैसला या पीठानं केलेलाच नाही. चाळमालकाला फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "मग बातमीत असं कसं काय?" मी काय बोलणार.

मराठी अनुवादांबद्दल बरेच जण विचारतात. काही निकालांचे आहेत. ते पक्षकाराला आपलं प्रकरण समजावं म्हणून; वाद झाला तर इंग्रजी पाठच प्रमाण. अशिलाला वाचायला द्या, अर्जात उतरवू नका.

ई-एससीआर कशासाठी नाही, तेही सांगते. आज सकाळी कोर्ट काय म्हणालं ते इथे मिळणार नाही. रोजचे आदेश न्यायालयाच्या संकेतस्थळावर वेगळे बघावे लागतात. सुनावणीत न्यायमूर्ती जे तोंडी बोलतात ते तर कुठल्याच निकालात सापडत नाही, आणि निम्म्या मथळ्यांचा मसाला तोच असतो. तोंडी शेरे हे न्यायालयीन अभिलेखाचा भाग नव्हेत, हे निवडणूक आयोगाच्या प्रकरणात ६ मे २०२१ लाच स्पष्ट झालंय. त्यांचं वार्तांकन करायला मात्र माध्यमांना मोकळीक ठेवली, आणि ते योग्यच. तसंच मथळ्यांतल्या 'सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब'चं. विशेष अनुमती याचिका, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात अपील करायची परवानगी मागणारी याचिका, कारणं न देता फेटाळली म्हणजे खालचा निकाल बरोबर ठरला असं होत नाही. कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य, २०००. ज्युनिअर्सना मी हा निकाल पहिल्या महिन्यातच वाचायला लावते.

कायद्याचं शिक्षण नसलेल्यानं सुरुवात करायची तर अलीकडचा एखादा निकाल घ्यावा. आधी विचारार्थ मुद्दा, मग शीर्षटिपा, म्हणजे निकालाच्या सुरुवातीला दिलेला थोडक्यात सारांश. शीर्षटिपा हा निकालाचा भाग नसतो, पण त्यांच्याशेजारी परिच्छेद क्रमांक दिलेले असतात, तेवढे परिच्छेद मुळातून वाचायचे. आणि वेळ उरला तर विरोधी मत वाचा. बहुमतानं काय टाळलं ते तिथे चांगलं कळतं.