पिवळी पिशवी की लाल?

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या दवाखान्यात रात्रपाळीच्या मावशी सलाईनची नळी सरळ पिवळ्या पिशवीत टाकायच्या. "जळून जाऊ दे की, भानगड नको!" पण दवाखान्याच्या कचऱ्यात पिवळी पिशवी म्हणजे जाळायची भट्टी. तिच्या दुसऱ्या कक्षात, जिथं धूर पुन्हा जळतो, १०५० अंशांच्या आसपास ताप लागतो. तो कमी पडला की नळीतल्या पीव्हीसी प्लास्टिकचं डायॉक्सिन हे विषारी रसायन होऊन धुराड्यातून बाहेर. लाल पिशवी ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात जाते: १२१ अंशांच्या वाफेत तासभर, मग तुकडे, मग प्लास्टिकचा पुनर्वापर. धूर नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या अवयवाला मात्र भट्टीच बरी, तिथं वाफेचं काम नाही. दवाखान्याच्या कचऱ्याच्या २०१६च्या नियमांतही वाटणी अशीच आहे. नळ्या, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज? मी डोळे झाकून लाल म्हणेन. हल्ली मावशी नळी हातात धरून आधी माझ्याकडं बघतात.