स्वस्त इलेक्ट्रिक गिटार: कोणता खर्च कामी आला, कोणता वाया गेला

फेंडर कंपनीने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली आणि त्यानंतर तिच्या धर्तीवर असंख्य स्वस्त गिटारी निघाल्या. मी सात महिन्यांपूर्वी घेतलेली गिटार त्यांपैकीच एक. तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणाऱ्या, एकेका गुंडाळीच्या चकत्या), ते निवडायचा पाच जागांचा स्विच, ट्रेमोलो ब्रिज (तारा बॉडीवर जिथे टेकतात तो, दांडीने हलवता येणारा भाग) आणि नटपासून, म्हणजे नेकच्या (मानेच्या) टोकावरील खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत साडेपंचवीस इंचांची तार, हे बहुतेक मूळ रचनेप्रमाणे आहे; फक्त मूळ गिटारीतला स्विच तीन जागांचा होता. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे येणारे दोष एकाच कंपनीचे नसून स्वस्त गिटारींत नेहमी दिसणारे आहेत.

खोक्यातून काढल्यावर गिटार दिसायला निर्दोष होती. रंगकाम तर इतके सफाईदार, की कारखान्याने सगळा जीव तिथेच ओतला असावा. वाजवायला घेतल्यावर मात्र फ्रेटची (नेकवरील आडव्या धातुपट्ट्यांची) टोके हाताला बोचू लागली, बाराव्या फ्रेटपाशी सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार जवळजवळ ३ मिलिमीटर उंच निघाली, आणि मोकळ्या तारा अचूक सुरात लावूनही पहिल्या दोन-तीन फ्रेटमध्ये धरलेले कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) किंचित चढे वाजत होते. त्यातच तिसरी तार एकदा ताणून सोडली की हमखास उतरत असे.

तार उतरते म्हणजे खुंट्या सैल आहेत, असा सरळ निष्कर्ष काढून मी सर्वांत आधी तार घट्ट पकडून ठेवणाऱ्या लॉकिंग खुंट्या विकत घेतल्या. तारा बदलणे त्यामुळे सोपे झाले, पण तिसरी तार पूर्वीसारखीच उतरत राहिली. दोष नटमध्ये होता. प्लॅस्टिकच्या नटमधील खाच अरुंद असल्याने ताणलेली तार तिच्यात अडकत होती आणि सोडल्यावर पूर्णपणे मूळ जागी परतत नव्हती. सूर लावताना नटपाशी ‘टिक’ असा बारीक आवाज येत होता, तो मी आधीच ऐकायला हवा होता. खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसल्याने पहिल्या फ्रेटवर तार दाबताना ती अधिक ताणली जात होती, आणि कॉर्ड चढे लागत होते तेही त्यामुळेच. हे ओळखायची साधी परीक्षा आहे: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरावी आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट उरते ते पाहावे. ती केसाइतकी असावी. माझ्या गिटारीत तिथून जाड कागद सहज सरकत होता.

कारागिराकडून हाडाचा नट बसवून घेतला आणि त्याच भेटीत संपूर्ण सेटअपही करून घेतला. नेकमधील सळईला, म्हणजे ट्रस रॉडला, पाव फेरा देऊन नेकचा बाक कमी केला, बाराव्या फ्रेटपाशी सहाव्या तारेची उंची सुमारे २ मिलिमीटरवर आणि पहिल्या तारेची दीड मिलिमीटरवर आणली, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर अचूक लागणे) जुळवले आणि फ्रेटची टोके कानशीने गोल केली. फ्रेटबोर्डचे लाकूड वाळून आकसते, धातू आकसत नाही, म्हणून नव्या गिटारीतही ही टोके बाहेर येतात. एवढ्यावर ती वेगळीच गिटार वाटू लागली, आणि तोपर्यंत एकही पिकअप बदललेला नव्हता.

पिकअपबाबत माझे मत थोडे अप्रिय ठरेल. मूळ पिकअपमध्ये लोखंडी खुंटांखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी होती. त्यांच्या जागी अल्निको ५ या मिश्रधातूच्या चुंबकाचे पिकअप बसवले आणि लहान पॉट (आवाज व टोन कमीजास्त करणारे, बटणांखालचे भाग) काढून २५० किलोओहमचे मोठे पॉट डाख देऊन जोडले. स्वच्छ आवाजातला कर्कशपणा कमी झाला, नेककडील पिकअप अधिक मोकळा वाजू लागला, परंतु अ‍ॅम्पवर डिस्टॉर्शन (आवाजाचा मुद्दाम आणलेला फाटकेपणा) वाढवल्यावर जुन्या-नव्यातला फरक मला खात्रीने सांगता येत नाही. सिंगल कॉइलची गुणगुण तर तशीच राहिली. आतील पोकळीला तांब्याची पट्टी लावल्याने चरचर कमी होते, पण वीजवाहिन्या आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे येणारी गुणगुण तिला जुमानत नाही. मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवांचा असल्यामुळे स्विचच्या दुसऱ्या व चौथ्या जागी मात्र ती जवळजवळ नाहीशी होते. माझा अ‍ॅम्प आहे त्यापेक्षा चांगला असता, तर पिकअपचे पैसे कदाचित अधिक सार्थकी लागले असते.

ब्रिज बदलला नाही. मागच्या स्प्रिंगा घट्ट करून तो बॉडीला टेकवला. दांडीने सूर वर खेचता येत नाही, पण माझ्या वादनात त्याची गरज पडत नाही.

गिटार निवडताना नेककडे सर्वांत कठोर नजरेने पाहावे. पिळवटलेला नेक दुरुस्त करण्यात अर्थ नसतो, म्हणून हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, नेकच्या दोन्ही कडांवरून नजर फिरवावी. नंतर बाराव्या फ्रेटच्या पुढे प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर ताणून पाहावी आणि कुठे स्वर घुसमटतो ते ऐकावे. हे मी केले नव्हते. चौदाव्या फ्रेटवर दुसरी तार पूर्ण सूर चढवून ताणली की अजूनही मध्येच विझते, कारण पुढचा एक फ्रेट थोडा वर राहिला आहे. फ्रेट घासून समतल करण्याचे काम बाकी आहे. त्याचा आणि त्या लॉकिंग खुंट्यांचा खर्च जवळपास सारखाच आहे.